चिठ्ठीवरचे चौथे नाव

टेंभरखेड्याच्या बाजार मैदानावर निवडणुकीच्या प्रचारसभेत, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, समोर बसलेले सगळे लोक उभे राहिले. पाच वाजून एकतीस मिनिटांपर्यंत ते उभेच होते. त्या अकरा मिनिटांत त्यांच्यापैकी कोणी घोषणा दिली नाही, टाळी वाजवली नाही, मैदानही सोडले नाही. वक्ते व्यासपीठावर होते. मी समोर डाव्या हाताला, पत्रकारांसाठी मांडलेल्या चार खुर्च्यांपैकी एकीवर होतो. उरलेल्या तीन रिकाम्या होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात चार कॉलमी बातमी आली. तिच्यात शेवटून दुसरे वाक्य असे होते : ‘उपस्थितांनी उभे राहून नेत्यांना अभिवादन केले.’ बातमी माझी होती.

गावाचे नाव आणि माणसांची नावे मी बदलली आहेत. बाकी काही बदललेले नाही.

सव्वीस वर्षे मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. शहरातल्या वाचकांना या कामाची फारशी कल्पना नसते, म्हणून सांगतो. तालुका वार्ताहर हा नोकर नसतो. त्याच्याकडे ओळखपत्र असते, मोटारसायकल असते आणि सगळ्यांचे फोन नंबर असतात. दारव्हा आणि नेर यांच्या मधल्या पट्ट्यातली साठेक गावे माझ्याकडे होती. बाजारभाव, अपघात, सत्कार, निधन, पाणीटंचाई आणि दर निवडणुकीला सभा, असे माझे काम.

सभेच्या बातमीची पद्धत ठरलेली होती. जिल्ह्याचे पान सायंकाळी सहाला बंद व्हायचे. सभा चारची असली तरी वक्ते पाचला येणार आणि साडेसहाला संपवणार. शिवाय मैदानावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही. म्हणून दुपारी संयोजकांकडून भाषणाचे मुद्दे घ्यायचे, बातमी लिहून तीन वाजेपर्यंत पाठवून द्यायची आणि मग सभेला जायचे. सभा झालीच नाही किंवा काही वेगळे घडले, तरच डेस्कला फोन करायचा. सव्वीस वर्षांत असा फोन मी चार-पाच वेळाच केला असेल. एरवी माझ्या बातमीतली माणसे मी घरून निघण्याआधीच टाळ्या वाजवून मोकळी झालेली असत.

सभेचे दुसरे एक काम मी करत असे. ते कुठल्याही ओळखपत्रावर लिहिलेले नसते. नावांची चिठ्ठी.

बाहेरून आलेल्या वक्त्याला गाव माहीत नसते. एका दिवसात तो पाच सभा करतो. गावात शिरताना गाडीतच त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली जाते. तिच्यावर गावातली चार-पाच नावे असतात. कोण वयोवृद्ध, कोण पैलवान, कोणाचा मुलगा फौजदार झाला. भाषणात मध्येच तो ती नावे घेतो. लोकांना वाटते, साहेबांना आपले गाव पाठ आहे. चिठ्ठी लिहिणारा गावोगाव फिरलेला, सगळ्या बाजूंशी बोलणारा आणि सुवाच्य अक्षराचा असावा लागतो. त्यामुळे हे काम बहुतेक वेळा वार्ताहराकडे येते. मला त्याचा थोडा अभिमानही होता. माझी चिठ्ठी वाचताना वक्ता कधी अडखळला नाही.

दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर अडखळत. नेरकडच्या एका सभेत ड्रायव्हरने सकाळच्याच गावची चिठ्ठी पुन्हा दिली होती. वक्त्याने त्या गावच्या मारुतीला नमस्कार केला, तिथल्या हरिभाऊंची तब्येत विचारली. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठून म्हणाला, “हरिभाऊ बरे हायेत, सायेब. फक्त ते इथं नाई, मांगच्या गावाले राह्यते.” सगळी सभा हसली. वक्ताही हसला. त्या दिवशी मी डेस्कला फोन केला नाही.

टेंभरखेड्याच्या सभेचे संयोजक वसंतभाऊ होते. बाजार समितीत वजन असलेला, बोलायला गोड माणूस. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावले.

“लिवा ना सर. तुमचं अक्षर मोत्यावानी. सायेबाले चष्मा नाई लागला पाह्यजे.”

पहिले नाव सरपंचबाईंचे लिहिले. दुसरे गावातल्या सर्वांत वृद्ध मतदाराचे. तिसरे कबड्डी संघाच्या कप्तानाचे.

“आता चौथं तुमी सांगा,” वसंतभाऊ म्हणाले. “हे सायेब भाषनात एका गरिबाले वर बलावते अन् शाल देते. त्यायची स्टाइल हाये. मानूस असा पाह्यजे का लोकायले पटला पाह्यजे.”

मी त्यांच्याकडे जाताना मैदानावरून गेलो होतो. तिथे देविदास राठोड मंडपाचे पाइप उतरवत होता. देविदास गावाला लागून असलेल्या तांड्यातला. पंचक्रोशीतले लग्न असो, सप्ताह असो की सभा, मंडप त्याचाच असायचा. मला पाहून त्याने हाक मारली होती.

“काहो पेपरवाले भाऊ, पंधरा वर्सं झाले मंडप ठोकून राह्यलो. माह्यं नाव काई छापून आलं नाई.”

“काय छापू?”

“काई बी. तुमी तं मंडप पडला तवाच छापसान.”

“पडू देऊ नको म्हणजे झालं.”

“माह्या हातचा मंडप पडत नाई, भाऊ. त्याच्यातले भाषनं पडते.”

शेजारचे दोघे हसले. तोही हसला आणि पुन्हा कामाला लागला.

वसंतभाऊंनी विचारल्यावर मला हेच आठवले. चौथे नाव मी सुचवले आणि मीच लिहिले : ‘देविदास राठोड, मंडपवाले, रा. तांडा. पंधरा वर्षांपासून प्रत्येक सभेचा मंडप यांनीच उभारला.’

आता सभेच्या दिवसाचा क्रम. यातले जे मी पाहिले नाही, ते नंतर चौकशीत नोंदवल्या गेलेल्या जबाबांवरून लिहितो.

मैदानाच्या डाव्या कडेवरून विजेची मोठी लाइन जाते. मंडप मोठा हवा म्हणून तो या वेळी त्या कडेपर्यंत न्यायचा ठरले. त्यासाठी लाइन काही तास बंद ठेवायला अर्ज करावा लागतो. अर्ज झाला नव्हता. सकाळी अकराच्या सुमारास वीस फुटी पाइप उभा करताना त्याचे वरचे टोक तारेला लागले. पाइप देविदासच्या हातात होता.

वसंतभाऊंच्या जीपने त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. जीपमध्ये वसंतभाऊ स्वतः होते. डॉक्टरांनी तपासून, आणण्यापूर्वीच मृत्यू झाल्याचे सांगितले. त्या वेळी साडेअकरा वाजले होते.

वसंतभाऊ परत आले आणि तांड्यात गेले. तिथे त्यांनी सांगितले, की देविदास बेशुद्ध आहे, श्वास चालू आहे. सायंकाळी साहेब येणार आहेत, त्यांच्या एका फोनवर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सोय होईल. तुम्ही सगळे सभेला या, साहेबांना तिथेच भेटवतो. देविदासची बायको कविताबाई तोवर एका पुतण्याला घेऊन रुग्णालयाकडे निघून गेली होती. म्हातारी आई घरी होती. तांड्याचे नायक हिरामणभाऊ यांनी सगळ्यांना सभेला चला असे सांगितले. नायकाने सांगितले म्हणजे तांडा जातो. दीडशेच्या आसपास माणसे तीन ट्रॅक्टरांमधून आली आणि पुढच्या रांगांत बसली. आई बायकांच्या बाजूला, सर्वांत पुढे होती.

मी साडेतीनला पोहोचलो. बातमी तीन वाजताच पाठवली होती. मंडपाची डावी बाजू उघडी होती. तीन पाइप आडवे पडलेले होते.

“ही बाजू का सोडली?” मी एका कार्यकर्त्याला विचारले.

“वाऱ्यानं गेली, सर.”

मी वहीत लिहिले : ‘डावी बाजू, वारा.’ मग मोबाइलवर मैदानाचे चार फोटो काढले. त्या फोटोंत व्यासपीठावरचे सगळे झेंडे काठीला चिकटून सरळ खाली लोंबत आहेत. हे मला तेरा दिवसांनी दिसले.

वक्ते पावणेपाचला आले. चांगले बोलणारे, पुण्याकडच्या वळणाचे मराठी. पहिली पंधरा-वीस मिनिटे कापूस, सोयाबीन, सिंचन. टाळ्या कमी होत्या. पाचच्या सुमारास तांड्याच्या रांगांत हालचाल झाली. मागच्या रांगेतल्या एकाने फोन कानाला लावला आणि तो वाकून पुढच्याशी बोलला. तो त्याच्या पुढच्याशी बोलला. असे करत मान वाकवणे पुढच्या रांगेपर्यंत आले आणि तिथून बायकांच्या बाजूला गेले. मी सभांमध्ये अशी कुजबुज शेकडो वेळा पाहिली होती. जेवणाचे पाकीट कुठे मिळणार, ट्रॅक्टर कधी सुटणार, असे काहीतरी असते. मी वही बंद करून ठेवली.

तो फोन रुग्णालयातून पुतण्याचा होता. दुपारभर त्या दोघांना आत सोडले नव्हते, देविदास गेल्याचे त्यांना तेव्हाच कळले होते.

पाच वाजून अठरा मिनिटांनी वक्त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली; ती त्यांच्या माणसाकडे आदल्या रात्रीच गेली होती. सरपंचबाई झाल्या, वृद्ध मतदार झाले, कबड्डीचे कप्तान झाले. मग ते म्हणाले, “भाषणं आम्ही करतो, पण ज्यानं हे छप्पर उभं केलं त्याला कोणी विचारत नाही. देविदास राठोड! देविदासभाऊ, कुठं आहात तुम्ही? उभे राहा. सगळ्यांना दिसू द्या.”

व्यासपीठावर वसंतभाऊ उठले. त्यांनी वक्त्यांच्या बाहीला हात लावला. वक्त्यांनी तो हात बाजूला केला आणि पुन्हा म्हणाले, “लाजू नका देविदासभाऊ, उभे राहा.”

बायकांच्या बाजूला पुढे बसलेली म्हातारी उभी राहिली. तिला उठायला वेळ लागला. एक हात जमिनीला टेकून ती उठली. मग तिच्या शेजारची. मग ती सगळी बाजू. मग पुरुष. मग मागे बसलेले गावातले लोकही, त्यांच्यापैकी अनेकांना कारण माहीत नसणार.

वक्त्यांचा चेहरा उजळला. “वा!” ते म्हणाले. “एका कष्टकऱ्यासाठी अख्खं गाव उभं राहतं! हे फक्त इथंच बघायला मिळतं.” आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माइक समोर होता. मैदानावर एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू येत होत्या. सात-आठ टाळ्यांनंतर त्या थांबल्या.

“बसा,” ते म्हणाले. “बसा आता. देविदासभाऊ कुठायत?”

कोणी बसले नाही. शाल घेऊन उभा असलेला कार्यकर्ता खाली पाहत होता. वक्त्यांनी वळून विचारले, “काय झालंय?” तेही माइकमधून ऐकू आले.

उत्तर समोरून आले. हिरामण नायक दुसऱ्या रांगेतून बोलले. आवाज चढवला नव्हता.

“तो मेला, सायेब. याच मंडपाचा पाइप लावता लावता शॉक लागून. तुमच्या डाव्या हाताले पाइप पडून हायेत ना, तिथं. सकाउनच मेला. आमाले आता समजलं.”

वक्त्यांनी डावीकडे पाहिले. मग चिठ्ठीकडे. मग ते म्हणाले, “मला कोणी सांगितलं नाही.” हे त्यांचे त्या सभेतले शेवटचे वाक्य. त्यांना खरेच माहीत नव्हते का, हे मी आजही निश्चित सांगू शकत नाही. व्यासपीठावरून उतरताना चिठ्ठी त्यांनी टेबलावर ठेवली. गाड्या मैदानाबाहेर गेल्या तेव्हा पाच एकतीस झाले होते. गाड्यांचा आवाज बंद झाल्यावर म्हातारी खाली बसली. मग बाकीचे.

मी डेस्कला फोन केला. माझ्या मोबाइलला मैदानावर रेंज नव्हती, रस्त्यापर्यंत जावे लागले.

“सभेत लोक उभे राहिले,” मी म्हणालो.

“मग? चांगलंच आहे की,” उपसंपादक म्हणाला. “टाकतो एक वाक्य.”

“तसं नाही. मंडपवाला गेला त्यांचा, शॉक लागून. तिथंच, मैदानावर.”

“पोलिसांत नोंद आहे का?”

“अजून विचारलं नाही.”

“मग ती वेगळी बातमी. ठाण्याची नोंद घ्या आणि सहा ओळी द्या. सहाला मी पान सोडतोय.”

अपघाती मृत्यूच्या बातमीचा आमचा नियम एकच. ठाण्याच्या नोंदीबाहेर एक शब्द जायचा नाही. तो नियम चांगला आहे. त्याने अनेक चुका टळलेल्या मी पाहिल्या आहेत. पावणेसहाला तिथूनच मी ठाण्यात फोन केला. हवालदाराने नोंद वाचून दाखवली. खबर वसंतभाऊंच्या एका माणसाने दिली होती : मयत हा स्वतःच्या शेतातील मोटारीसाठी तारेवर आकडा टाकत असताना शॉक लागला.

“पण मी मैदानावर होतो,” मी म्हणालो.

“त्याला पडताना पाहिलं तुम्ही?”

“नाही.”

“मग जी खबर आली ती ही आहे.”

मी सहा ओळी पाठवल्या. ‘असे सांगण्यात येते’ हे तीन शब्दही मी त्यात घातले नाहीत. सकाळी दोन्ही बातम्या एकाच पानावर होत्या, वर सभा आणि खाली कोपऱ्यात मृत्यू. दोन्हींच्या सुरुवातीला कंसात ‘वार्ताहर’ असे छापलेले होते.

तेरवी झाल्यावर कविताबाई हिरामण नायकांना घेऊन माझ्या घरी आल्या. त्यांच्याकडे सहा ओळींचे कात्रण होते. घडीवर ते फाटायला आले होते.

“हे तुमी लिवलं का?”

मी हो म्हटले.

“आकडा टाकला म्हून लिवलं. म्हंजे चोरी. पोराले शाळेत पोरं म्हनून राह्यले, तुहा बाप लाइट चोरताना मेला. माह्यी सासू तवापासून कोनाच्या दारात गेली नाई.” त्या थांबल्या. “कोनती मोटर, भाऊ? आमच्या वावरात इहीरच नाई.”

मी कात्रण हातात घेतले.

“कोरडवाहू हाये आमचं. दोन एकर. बोर नाई, नाला नाई. पानी कायचं उपसन तो? एक डाव येऊन पाह्यलं असतं तं समजलं असतं.”

हिरामणभाऊ म्हणाले, “आमाले बाकी काई नाई पाह्यजे तुमच्यापासून. तो कुठं मेला तेवढं लिवून पाह्यजे.”

मी त्यांना विचारले, की त्या दिवशी उभे राहायचे असे आधी ठरले होते का.

“कायचं ठरलं?” ते म्हणाले. “मलेच समजलं नाई पयले. मंग म्हातारीले इचारलं मी. ते म्हन्ते, माह्या पोराले उभा राह्य म्हन्ले. तो कसा उभा राहीन? म्हून मी राह्यली. अन् ते उभी असताना आमी बसाचं कसं?”

वीज निरीक्षकांची चौकशी सुरू होती. कविताबाईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. शेताचा सातबारा काढा, त्यावर सिंचनाचे साधन असल्यास त्याची नोंद असते. आणि मी माझा जबाब देतो. त्या दिवशी मी फोटो पहिल्यांदा नीट पाहिले.

जबाब देण्याच्या आदल्या दिवशी वसंतभाऊ आले. चहा घेतला.

“तुमी आपले मानूस, सर. कायले पडता यात?” कप खाली ठेवून ते म्हणाले, “अन् चिठ्ठीवर अक्षर कोनाचं हाये, हे बी इचारतीन ना ते. चौथं नाव तुमीच सांगतलं होतं.”

“ते मीच सांगणार आहे,” मी म्हणालो.

माझ्या जबाबात दोन पाने आहेत. पहिल्या पानावर चिठ्ठीची हकिकत आहे. दुसऱ्यावर उघडी बाजू, पाइप, नायकांचे शब्द आणि वेळा. सोबत चार फोटो जोडले. वारा नव्हता, हे फोटोंवरून सांगितले.

दैनिकाला मी खुलासा पाठवला. चौकशी चालू असताना छापता येत नाही, असे उत्तर आले. पुढच्या महिन्यात माझे ओळखपत्र नूतनीकरणासाठी परत मागवण्यात आले. नवे आले नाही. कारण कळवण्यात आलेले नाही, त्यामुळे ते मी सांगू शकत नाही.

अहवालाची प्रत कविताबाईंना पुढच्या उन्हाळ्यात मिळाली. तांड्यात तो वाचून दाखवायला त्यांनी मला बोलावले. हिरामणभाऊंच्या अंगणात पन्नासेक माणसे जमली होती. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. कविताबाईंचा मुलगा त्यांच्या शेजारी होता.

मी उभा राहून वाचले. सरकारी भाषा आहे, मध्ये मध्ये समजावून सांगावे लागले. ‘घटनेचे ठिकाण’ या रकान्यापाशी कविताबाई म्हणाल्या, “हे हळू वाचा.”

मी वाचले : मौजा टेंभरखेडा येथील बाजार मैदान, सभामंडपाची डावी बाजू.

“आणखी एक डाव,” म्हातारी म्हणाली.

मी पुन्हा वाचले. त्याखालची ओळही वाचली : मयताच्या शेतात विहीर, बोअर अथवा वीजजोडणी आढळून आली नाही.

वाचून संपले. कोणी उठले नाही. म्हातारीने हात पुढे केला. मी कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. ती ओळ कुठे आहे ते तिने विचारले आणि मी बोट ठेवून दाखवले.

अहवालाची प्रत मी त्याच आठवड्यात दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात पोच घेऊन दिली. पोच माझ्याकडे आहे. खुलासा आजपर्यंत छापून आलेला नाही.